ताहितीचें अरण्य आणि पाहुणा वृक्ष

पॅसिफिक महासागरांत ताहिती नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. तेथील पापेआरी या गांवीं हॅरिसन स्मिथ नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थाचें उद्यान होतें. १९३७ सालीं त्या उद्यानांत मिकोनिया नांवाचें एक झाड आणून लावण्यांत आलें. त्याची मूळ वस्ती मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत. महाबळेश्वरच्या रानांतील आपली अंजनी याच कुळांतली. मिकोनियाचीं पानें फार देखणीं. लांबीला हातभराहून मोठीं, वरून गर्द हिरवीं, खालून जांभळीं. शोभेसाठीं आणलेल्या या झाडानें पुढें बेटाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग व्यापला आणि लोक त्यास ‘हिरवा कर्करोग’ म्हणूं लागले.

हें झाड चार-पांच वर्षांतच फळावर येतें. फळें बारीक, जांभळट काळीं. आंतील बी खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. पक्षी फळें खातात आणि बिया दूरवर टाकतात. या पक्ष्यांत आपल्या अंगणांतला लालबुड्या बुलबुलहि आहे. त्यालाहि ताहितीस माणसानेंच नेलें. झाड अमेरिकेचें, पांखरूं भारताचें, आणि नुकसान तिसऱ्याच देशाचें!

परकें झाड देशी झाडांस मारतें, असें सर्रास बोललें जातें. येथील प्रकार त्याहून सूक्ष्म आहे. अरण्यांतील उंच, जुना वृक्ष मिकोनियाच्या गर्दींतहि कित्येक वर्षें उभा राहतो, फळतो, बियाहि टाकतो. अडतें तें पुढें. बियांतील शिदोरी संपली, कीं रोपानें आपल्या पानांनीं अन्न तयार करावयाचें. त्यास ऊन हवें. मिकोनियाच्या रुंद पानांखालीं तें जवळजवळ पोंचतच नाहीं, आणि रोप खुरटून मरतें. मिकोनियाचीं स्वतःचीं रोपें मात्र त्या अंधारांत तग धरतात. मग वादळांत एखादा म्हातारा वृक्ष कोसळला, म्हणजे त्याच्या जागीं त्याचा वारस उभा नसतो. जगांत इतरत्र कोठेंहि न आढळणाऱ्या ताहितीच्या ४० ते ५० वनस्पति अशा रीतीनें संकटांत आल्या.

रायातेआ या दुसऱ्या बेटावर १९९२ पासून शाळेच्या मुलांनीं व सैनिकांनीं लाखों रोपें उपटलीं. परंतु मातींत पडलेली बी दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहते. एकदां उपटून काम संपत नाहीं.

अखेर २००० सालीं ब्राझीलमधील एक बुरशी ताहितीवर सोडण्यांत आली. ती मिकोनियासच लागते, हें आधीं तपासून पाहिलेलें होतें. तिनें मोठीं झाडें मेलीं नाहींत. पानांना भोकें पडलीं, कांहीं गळलीं. तेवढ्याच फटींतून ऊन खालीं उतरलें. पुढील कांहीं वर्षांत मिकोनियाच्या बुंध्यांशीं देशी रोपें वाढतांना संशोधकांस दिसलीं. ओफिओऱ्हायझा नांवाच्या एका दुर्मिळ झुडपाचीं तर नवीं रोपें वाढून फुलांवरहि आलीं.

या बुरशीचा जोर उंचावरील थंड, दमट उतारांवर अधिक आहे. सखल भागांत तो कमी पडतो, आणि तेथील सावली अजून बरीच दाट आहे.