डूख आणि सूड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कुणी आपले वाईट केले तर त्याच्याविषयी मनात डूख धरणे ही एक गोष्ट आणि त्याच्यावर सूड उगवणे ही दुसरी. पहिली मनात राहते, दुसरी हातून घडते. मराठीत आपण हा फरक सहज करतो. पण एका भाषेतला सूड दुसऱ्या भाषेत नेताना तो हातातून निसटतो कसा, हे इंग्रजी आणि इंडोनेशियन या दोन भाषांकडे पाहिले की कळते.

इंग्रजीतला 'रिव्हेंज' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ आहे लॅटिनमधले 'विंडिकारे' हे क्रियापद. हक्क सांगणे, शासन करणे असे त्याचे अर्थ. एखाद्याची बाजू खरी ठरवणे या अर्थाचा 'व्हिंडिकेट' हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे सूड आणि न्याय ही मुळात एकाच घरातली भावंडे! शिवाय 'रिव्हेंज' म्हटले की मुख्यतः कृतीच डोळ्यांसमोर येते. मनातल्या अढीसाठी इंग्रजीत 'ग्रज' हा वेगळा शब्द आहे.

इंडोनेशियन माणूस सूड घेण्याला 'बालास दंदाम' म्हणतो. यातला 'बालास' म्हणजे उलट देणे, परतफेड करणे. त्यात वाईट काही नाही. पत्राला उत्तर देणे हेही 'बालास'च आणि उपकार फेडणे म्हणजे 'बालास बुदी'. हा 'बुदी' म्हणजे आपली संस्कृत 'बुद्धी'. तिकडे गेल्यावर तिला चांगुलपणा, सद्‌वर्तन असे अर्थ लाभले.

राहिला 'दंदाम'. तो म्हणजे आपला डूख. पण गंमत अशी की 'रिंदु' म्हणजे ओढ, आणि 'रिंदु दंदाम' अशी जोडी जमली की अर्थ होतो प्रेमातली जिवाची तगमग! वैर असो की विरह, आत काहीतरी धुमसत राहते. त्या धुमसण्याचे नाव दंदाम.

इंडोनेशियाचे लेखक कुर्नियावान यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीच्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी बसवले. डूख जसा, तशीच ओढही पुरेपूर फेडावी लागते, असा त्या नावाचा आशय. 2017 च्या इंग्रजी अनुवादाचे नाव झाले 'व्हेन्जन्स इज माइन, ऑल अदर्स पे कॅश'. सूड हा देवाचा अधिकार, या बायबलमधल्या वचनाला दुकानातल्या 'उधारी बंद'च्या पाटीची जोड! नाव चटकदार आहे, फेडीची कल्पनाही त्यात उरली. ओढ मात्र गळाली. याच कादंबरीवरच्या चित्रपटाला 2021 मध्ये लोकार्नो महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. समजा, एखादा इंडोनेशियन माणूस म्हणाला, 'माझ्या मनात दंदाम आहे.' दुभाष्याने 'याला रिव्हेंज हवा आहे' असे सांगितले, तर दुखावलेला माणूस क्षणात संशयित ठरेल. त्याने फक्त जखम दाखवली, दुभाष्याने त्याच्या हाती सुरी दिली.

डूख धरणारा प्रत्येक जण सूड घेतोच असे नाही. मधल्या अंतरात समजूत काढायला, माफी मागायला, न्याय द्यायला जागा असते. अनुवाद करणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही ती जागा बुजवू नये.