क्रिश कसा उडतो?



'क्रिश' हा चित्रपट तुम्ही सर्वांनी टीव्हीवर पाहिला असेल. आमच्या घरी तो लागला की आजीसुद्धा भाजी निवडत निवडत पाहते. माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने क्रिश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी माळवदावरून उडी मारली. खाली सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता. पण तो ढिगावर पडलाच नाही, बाजूला दगडावर पडला. उजव्या हाताचं मनगटाजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाला उडी मारलीस रे?" तो रडत रडत म्हणाला, "क्रिश उडतो की! मग मला का येईना?"

सगळे हसले. पण त्याला उत्तर कोणीच दिलं नाही. म्हणून मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी जे सांगितलं आणि मोबाईलवर दाखवलं, ते मी इथे लिहीत आहे.

क्रिशची गोष्ट एका चित्रपटात संपत नाही. पहिला चित्रपट 'कोई... मिल गया' हा ८ ऑगस्ट २००३ रोजी आला. दुसरा 'क्रिश' हा २३ जून २००६ रोजी आला. तिसरा 'क्रिश ३' हा १ नोव्हेंबर २०१३ रोजी, दिवाळीत आला. आमच्या वर्गात पैज लागली होती, की 'क्रिश ३' आहे तर 'क्रिश २' कुठे गेला? तो हरवला नाही. 'कोई... मिल गया' हा पहिला धरला की 'क्रिश' दुसरा होतो. तिन्ही चित्रपट राकेश रोशन यांनी काढले आणि त्यांचा मुलगा हृतिक रोशन त्यात नायक आहे. चौथाही काढणार, असं २०२५ साली जाहीर झालं.

पहिल्या चित्रपटात रोहित नावाचा मुलगा असतो. तो अंगाने मोठा होतो पण बुद्धीने लहान राहतो. शाळेत सगळे त्याला चिडवतात. त्याच्या वडिलांच्या कॉम्प्युटरवरून 'ओम'चा आवाज आकाशात जातो आणि दुसऱ्या ग्रहावरून यान येतं. त्यातला एक जण इथेच राहून जातो. त्याचं नाव मुलं 'जादू' ठेवतात. जादूला उन्हातून शक्ती मिळते. तो रोहितला हुशार करतो. पुढे रोहितचा मुलगा कृष्णा, तोच क्रिश. सिंगापूरला सर्कशीत आग लागते तेव्हा मुलांना वाचवायला तो मोडका मुखवटा तोंडाला लावतो आणि क्रिश होतो.

मला आधी जादू खराच वाटायचा. पण आपल्या हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला असते ना? तिथला रावण म्हणजे आपल्यासारखाच माणूस. तसंच जादूचं आहे. त्याचा पोशाख ऑस्ट्रेलियात जेम्स कोल्मर नावाच्या कलाकाराने बनवला. आणि आत होते इंद्रवदन पुरोहित. ते उंचीने लहान होते. सगळ्या भारतातल्या मुलांना जादू माहीत आहे, पण त्याच्या आतला चेहरा कोणाला माहीत नाही. मला याचं लई वाईट वाटलं.

आता क्रिश कसा उडतो ते सांगते. हृतिक रोशनच्या अंगाला कपड्याच्या आतून पट्टा बांधतात. पट्ट्याला बारीक मजबूत दोर असतो. वरून यंत्राने आणि माणसांनी तो ओढतात. विहिरीतून बादली वर येते तसा माणूस वर जातो. हे शिकवायला हाँगकाँगहून टोनी चिंग नावाचे गुरू आणले होते. तिकडच्या चित्रपटांत असं दोरावर उडणं फार जुनं आहे.

मग आपल्याला दोर का दिसत नाही? कारण तो नंतर कॉम्प्युटरवर पुसतात. चित्रपट म्हणजे पुष्कळ चित्रं भरभर दाखवणं. एका सेकंदाला २४ चित्रं. मी गणित केलं. क्रिश १० सेकंद उडला तर २४० चित्रं झाली. प्रत्येक चित्रातला दोर पुसावा लागतो आणि मागचं आकाश पुन्हा भरावं लागतं. एका मिनिटाची तर १४४० चित्रं! आपली पाटी एकदा पुसायची तर आपण किती कंटाळा करतो.

दुसरी युक्ती हिरव्या कापडाची. नट हिरव्या कापडापुढे उभा राहतो. कॉम्प्युटर तेवढा हिरवा रंग काढून तिथे उंच इमारती किंवा ढग टाकतो. माणसाचं अंग हिरवं नसतं म्हणून हिरवा रंग घेतात. पण त्या दिवशी नटाने हिरवा सदरा घातला तर नुसतं मुंडकंच दिसेल!

अशा युक्त्या आपल्या महाराष्ट्रात फार जुन्या आहेत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप भराभर वाढताना दाखवलं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. म्हणजे पडद्यावरचा तो कृष्ण एक मुलगी होती, हे मुलांनी ध्यानात ठेवावं.

लोकांना हे चित्रपट आवडले. 'कोई... मिल गया'ला उत्तम चित्रपटाचं फिल्मफेअर मिळालं. जादू पाहून १९८२ च्या 'ई. टी.' या अमेरिकन चित्रपटाची आठवण होते, असंही पुष्कळांनी म्हटलं. 'क्रिश'च्या युक्त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चेन्नईच्या कॉम्प्युटरवाल्यांना मिळाला. म्हणजे पुसणाऱ्यांनाही बक्षीस असतं.

हे सगळं मी भावाला सांगितलं. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर उडणारा माणूस काढून दाखवला. पानं भरभर सोडली की माणूस उडतो. तो म्हणाला, "मग त्याला दोर होता व्हय? मला का नाही बांधला?"

मी गप्प बसले. कारण एक गोष्ट मी लपवली होती. औंढ्याच्या जत्रेतून आणलेला काळा मुखवटा माझा आहे. तो मी त्याला लावला. बाबांचा काळा रेनकोट मीच त्याच्या अंगात घातला आणि गुंड्या लावल्या. "उड," असं मीच म्हणाले. रेनकोट पायात अडकला म्हणून तो ढिगावर पडला नाही. घरी सगळे त्यालाच रागावले. त्याने माझं नाव सांगितलं नाही.

आईला मी काल सांगितलं. बाबा आज शाळेत येणार आहेत, ते इथे वाचतील.

भावाचं प्लास्टर परवा निघालं. सहा आठवडे तो डाव्या हाताने अ, आ काढत होता. तर मित्रांनो, चित्रपट जरूर पाहा. पण लहान भावंडं सोबत असतील तर त्यांना दोराची गोष्ट आधी सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी