बंद खोलीतले केसर : दिव्याची किंमत आणि कंदाचे गणित

रिकामा गाळा, वापरात नसलेला माळा किंवा दहा बाय दहाची खोली असेल तर तिथे केसर पिकवा आणि लाखो कमवा, अशा जाहिराती अलीकडे वारंवार दिसतात. जोडधंद्याच्या शोधात असलेले आमचे अनेक छोटे व्यापारी आणि कारागीर बंधू त्याकडे ओढले जात आहेत. धंदा खोटा नाही. पण तो जसा सांगितला जातो तसाही नाही. म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी त्याचा हिशेब समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

एलईडी दिव्यांखाली घरात पीक घेण्याचे तंत्र परदेशात भाजीपाल्याबरोबरच गांजाच्या लागवडीतूनही पुढे आले. कॅनडाने 2018 मध्ये गांजाला कायदेशीर मान्यता दिली आणि तिथे मोठी गोदामे या दिव्यांनी उजळली. आपल्याकडे मात्र 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली विनापरवाना गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा ती वाट आपली नव्हे. दिवे तेच, पीक मात्र हलाल आणि कायदेशीर हवे. केसर हे तसे पीक आहे.

फूल दिव्याने येत नाही

केसराच्या झाडाला बी धरत नाही. त्याची वाढ कंदापासूनच होते. काश्मीरमधील पाम्पोरच्या शेतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जांभळी फुले येतात आणि प्रत्येक फुलात तीन लाल तंतू असतात. तेच केसर, म्हणजे आपल्या जर्दा-बिर्याणीतले जाफरान.

खोलीत हेच ऋतुचक्र यंत्राने घडवावे लागते. उन्हाळ्यानंतर कंद ट्रेमध्ये मातीशिवाय ठेवतात. साधारण 23 ते 27 अंशांत कंदाच्या आत फूल तयार होते. मग तापमान 15 ते 17 अंशांवर आणले की फूल बाहेर पडते. या काळात कंद स्वतःत साठवलेल्या अन्नावर जगतो. म्हणजे फुलाचा खरा मालक कंद आणि एअर कंडिशनर, दिवा नव्हे.

दिव्याचे खरे काम फुलांनंतर सुरू होते. पाने वाढतात, उजेडातून अन्न बनवतात आणि जुना कंद सुकून त्याच्या जागी नवे कंद तयार होतात. इथे उजेड कमी पडला तर नवे कंद बारीक राहतात, आणि बारीक कंदाला पुढच्या वर्षी फूल येत नाही. मग दरवर्षी कंद विकत घेण्याची पाळी येते. विक्रेते ही गोष्ट बहुधा सांगत नाहीत, आणि नुकसान होते ते इथेच.

हिशेब मांडून पाहू

दहा ग्रॅमचा एक कंद धरला तर 100 किलोत दहा हजार कंद होतात. प्रत्येकाला एक ते दोन फुले आली असे मानू. एक ग्रॅम सुक्या केसराला सुमारे 150 फुले लागतात. म्हणजे हाती येणार 65 ते 130 ग्रॅम. ग्रॅमला 300 रुपये भाव मिळाला असे समजले तर उत्पन्न सुमारे 20 ते 40 हजार रुपये.

आता खर्च. दीड टनाचा एसी दिवसाला 15 युनिट खाईल आणि युनिट 12 रुपयांना पडेल असे धरू. तीन महिन्यांचे 16,200 रुपये झाले. नंतर शंभर वॅटचे दहा दिवे रोज दहा तास पाच महिने लावले तर आणखी 18,000. कंद, रॅक, खोलीचे इन्सुलेशन आणि भाडे अजून धरलेच नाही. प्रत्येकाने आपला वीजदर आणि आपल्या बाजारातला भाव घालून हे गणित पुन्हा करावे.

दिवा घेताना

झाडाला प्रामुख्याने निळा आणि लाल उजेड लागतो. चांगल्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. त्यामुळे जांभळा दिवाच हवा असे नाही. खोक्यावर ‘1000 वॅट’ छापलेला स्वस्त दिवा प्रत्यक्षात शे-दोनशे वॅटच घेतो, असे सर्रास आढळते. दुकानातच क्लॅम्प मीटर लावून पाहावा. ड्रायव्हर सुटा मिळतो का हेही विचारावे, कारण बहुधा तोच आधी जातो. खोलीत दमटपणा जास्त ठेवावा लागतो, म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी यांत काटकसर नको. दमट हवा खेळती नसेल तर कंद कुजतात आणि एका ट्रेतली कुज शेजारच्या ट्रेत जाते.

आमचा सल्ला

पहिल्या वर्षी दहा किलो कंदांच्या पुढे जाऊ नये. कंद पक्क्या बिलावर घ्यावेत. ‘माल आम्हीच परत घेऊ’ हे वचन तोंडी असेल तर त्याला कवडीची किंमत नाही. ते भाव आणि मुदत घालून स्टँपपेपरवर घ्यावे. भागीदारीत उतरायचे असेल तर नफ्याइतकाच तोट्याचा वाटाही आधी लिहून ठेवावा. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी करावी. आयएसओ 3632 प्रमाणे रंग, चव व सुगंध यांची तपासणी करून घेतलेला माल ग्राहकाला विश्वासाने देता येतो. रंगवलेले तंतू आणि करडईच्या पाकळ्या केसर म्हणून विकल्या जाणाऱ्या बाजारात हा विश्वासच खरे भांडवल आहे.

ज्यांना पिकाची जोखीम नको, त्यांनाही या धंद्यात काम आहे. रॅक बनवणारे फॅब्रिकेटर, एसी मेकॅनिक, वायरमन आणि एलईडी जोडणारे व दुरुस्त करणारे कारागीर यांची अशा प्रत्येक खोलीला गरज पडते. त्यांची मजुरी फूल येण्याची वाट पाहत नाही. आमच्या कारागीर बंधूंनी आधी हे काम हाती घ्यावे, दुसऱ्याच्या खोलीत एक हंगाम डोळ्यांनी पाहावा आणि मगच स्वतःचे कंद मांडावेत.