जर-तरच्या समुद्रातली बॅटलशिप

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे कमी. टोकियोच्या दक्षिणेला योकोसुकाच्या नौदल गोदीत ‘अमागी’चा पोलादी सांगाडा बांधणीच्या उतारावर उभा होता. बॅटलक्रूझर म्हणून सुरू झालेल्या या जहाजाची आता विमानवाहू नौका करायचे काम चालले होते. तेवढ्यात कांतोची जमीन हादरली. एक लाखाहून अधिक माणसे त्या भूकंपात आणि पाठोपाठच्या आगीत गेली. अमागीचा सांगाडा तर असा पिळवटला, की दुरुस्तीचा नाद सोडून नौदलाने तिला मोडीत काढले.

जपानसाठी काल्पनिक युद्धनौका रेखाटायला बसलेल्या हौशी माणसाला हा भूकंप विसरणे फार सोपे असते. ‘मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालणारा १९२२ चा वॉशिंग्टन तह झालाच नाही’ असे गृहीत धरले, की जपानच्या सगळ्या रद्द झालेल्या युद्धनौका त्याच्या कागदावर डौलात तरंगू लागतात. पण तह माणसांनी केला होता, म्हणून तो पुसता येतो. भूकंपाला असे वगळता येत नाही. इतिहास कुठेही वळवा, त्या दिवशी योकोसुका हादरणारच.

जर-तरच्या इतिहासाची ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि पुढचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. युद्धनौकांच्या छंदातही असाच एक क्षण निवडायचा, तिथून फाटा फोडायचा आणि त्या जगातल्या नौदलाला शोभेल अशी बॅटलशिप रचायची. बॅटलशिप म्हणजे कोणतीही लढाऊ बोट नव्हे. सर्वांत मोठ्या तोफा आणि सर्वांत जाड चिलखत घेऊन शत्रूच्या तशाच जहाजांसमोर उभी राहणारी, एकेकाळी देशाच्या ताकदीचे माप मानली गेलेली नौका म्हणजे बॅटलशिप. वेगासाठी चिलखत पातळ केलेली तिची बहीण म्हणजे बॅटलक्रूझर.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी फ्रेड जेनकडे पाहावे. विज्ञानकथांसाठी चित्रे काढणाऱ्या या इंग्रज गृहस्थाने घरात खेळायचा नौदल-युद्धाचा एक खेळ तयार केला. त्या खेळाला पूरक म्हणून १८९८ मध्ये त्याने जगभरच्या युद्धनौकांची जंत्री काढली. ‘जेन्स फायटिंग शिप्स’ या नावाने ती आजही निघते. १९०३ च्या अंकात इटालियन नौदल अभियंता व्हित्तोरिओ कुनिबेर्ती याने ब्रिटिश नौदलासाठी एक आदर्श, म्हणजेच अस्तित्वात नसलेली, बॅटलशिप मांडली: १७,००० टन, १२ इंची बारा तोफा, वेग २४ नॉट. तीनच वर्षांनी पोर्ट्‌समथच्या गोदीतून ‘ड्रेडनॉट’ बाहेर पडली. तिच्यावर १२ इंची दहा तोफा होत्या, वेग २१ नॉट होता. ती त्या एका लेखातून जन्मली असे म्हणता येणार नाही, कारण ब्रिटिश नौदलातही तोच विचार शिजत होता. पण कागदावरची बोट प्रत्यक्षाच्या पुढे धावू शकते, एवढे त्यातून दिसले.

आता जपानकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर जपानने आठ बॅटलशिप आणि आठ बॅटलक्रूझर बांधायचा घाट घातला होता. १९२१ मध्ये देशाच्या अर्थसंकल्पाचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा नौदल खात होते. १२ नोव्हेंबर १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली. मोठ्या युद्धनौकांच्या बाबतीत अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांचे प्रमाण ५:५:३ ठरले. नव्या बॅटलशिपला ३५,००० टनांची आणि १६ इंची तोफांची मर्यादा पडली. जपानला खरे तर अमेरिकेच्या दहाला सात हवे होते. पण अमेरिकी सांकेतिक विभाग टोकियोच्या तारा फोडून वाचत होता. जपान दहाला सहावरही तयार होईल, हे अमेरिकेला आधीच कळले होते.

फाटा फोडायला याहून चांगली जागा नाही. त्या तारा फुटल्या नाहीत, अमेरिकेने फार ताणले, जपानी शिष्टमंडळ उठून गेले, असे धरा. आता तुमच्या आराखडाकाराला १९२३ ची बॅटलशिप हवी आहे.

नवखा माणूस सुरुवात तोफांपासून करतो. जाणकार आधी गोदी मोजतो. जहाज बांधायला उतार हवा, दुरुस्तीला सुकी गोदी हवी आणि तोफा ओतायला कारखाना हवा. अमेरिकेत सिनेटर बेंजामिन टिलमन यांनी ‘एकदाची सर्वांत मोठी बॅटलशिप किती मोठी होऊ शकते ते सांगा’ असा लकडा लावला, तेव्हा नौदलाने खरोखर आराखडे काढले. त्यातल्या एकात १६ इंची चोवीस तोफा होत्या, एकेका बुरुजात सहा, आणि वजन ८०,००० टन. इतका राक्षसी आराखडाही रुंदीला १०८ फुटांवर थांबला, कारण पनामा कालव्याचे दरवाजे ११० फुटांचे होते.

जपानने पुढे ‘यामातो’ खरोखर बांधली, तेव्हा कुरेची गोदी खोल करावी लागली. तिच्या तीन तोफांच्या एका बुरुजाचे वजन अडीच हजार टनांच्या घरात होते, म्हणजे त्या काळच्या अख्ख्या विनाशिकेहून जास्त. दुसरी बहीण ‘मुसाशी’ नागासाकीत तयार होत होती. कुरेहून तिथवर तोफा आणि बुरूज पोचवायला ‘काशिनो’ नावाचे जहाज मुद्दाम बांधले गेले. काल्पनिक बॅटलशिपच्या मागेही अशी एखादी काशिनो लागतेच. ती कागदावर नसेल, तर तोफा तिथे पोचल्या कशा?

त्यानंतर येते गणित. वेग, तोफा आणि चिलखत या तिघांच्या ओढाताणीत प्रत्येक टन कोणाकडून तरी काढून कोणाला तरी द्यावा लागतो. याचा सर्वांत स्वच्छ धडा जपानच्याच दोन रद्द झालेल्या आराखड्यांत आहे. ‘तोसा’ ही बॅटलशिप सुमारे ३९,९०० टनांची आणि अमागी ही बॅटलक्रूझर सुमारे ४१,२०० टनांची. दोघींवर ४१ सेंटीमीटरच्या दहा-दहा तोफा. तोसाचा वेग साडेसव्वीस नॉट, अमागीचा तीस. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. फरक अवघ्या साडेतीन नॉटचा. तेवढ्यासाठी तोसाच्या ९१,००० अश्वशक्तीऐवजी अमागीला १,३१,२०० अश्वशक्ती लागणार होती.

हिशेब सोपा आहे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. तिसाला साडेसव्वीसने भागून येणाऱ्या आकड्याचा घन केला, तर सुमारे १.४५ येतो. अश्वशक्तीच्या दोन आकड्यांचे गुणोत्तरही जवळपास तेवढेच आहे. हा वेग फुकट मिळाला नाही. अमागी सुमारे अठरा मीटर लांब झाली आणि तिचा चिलखती कमरपट्टा २८० मिलिमीटरवरून २५४ वर आला. आज ‘स्प्रिंगशार्प’सारख्या मोफत संगणक प्रणालीत लांबी, रुंदी, तोफा, चिलखत आणि वेग भरला की जहाज तरंगेल का, कलंडेल का, याचा अंदाज काही क्षणांत मिळतो. जादा हौस केली, तर आकडे लगेच चुगली करतात.

कलंडणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. ब्रिटनच्या ‘कॅप्टन’ या नौकेवर अवजड तोफबुरूज होते आणि शिवाय पूर्ण शिडांचा पसारा. ती आराखड्यापेक्षा जड झाली आणि पाण्यात जास्तच बसली. सप्टेंबर १८७० मध्ये एका वादळी रात्री ती उलटली. सुमारे ४८० माणसे गेली. तिचा आराखडा ज्याने हट्टाने पुढे रेटला, तो कूपर कोल्सही त्याच बोटीवर होता.

इथवर आकडेमोड झाली. या छंदाची खरी कसोटी त्यापुढे लागते: त्या जगातल्या माणसांना काय ठाऊक असेल?

तहामुळे तोसाचे काम थांबले. १९२४ मध्ये कुरेजवळ तिच्या अपुऱ्या सांगाड्यावर तोफगोळे आणि पाणसुरुंग यांचे प्रयोग झाले. एक अवजड गोळा तिच्यापासून सुमारे २५ मीटर अलीकडे पाण्यात पडला. तो वाया गेला असेच कोणी म्हणाले असते. पण तो पाण्याखालून तसाच पुढे गेला, चिलखताच्या खालच्या बाजूने आत शिरून फुटला आणि सांगाड्यात पाणी भरले. यातून जपानने दोन गोष्टी केल्या. पाण्याखालून मारा करणारे खास गोळे बनवले आणि यामातोसारख्या नौकांचे संरक्षण पाण्याखाली खोलवर नेले.

आता आपल्या फाट्यावर परत या. तह मोडला असेल, तर तोसा लक्ष्य बनणार नाही. ती पूर्ण होऊन ताफ्यात दिमाखाने फिरेल. म्हणजे तो प्रयोग होणार नाही आणि तो धडाही मिळणार नाही. १९२३ च्या काल्पनिक बॅटलशिपला यामातोसारखे पाण्याखालचे चिलखत दिले, तर ती जास्त मजबूत होईल, पण त्या जगात खोटी ठरेल. जिने तो धडा दिला असता तीच नौका सेवेत अडकली आहे.

असेच विमानवाहू नौकांचे. तहानंतर ‘अकागी’ आणि अमागी यांच्या विमानवाहू नौका करायचे ठरले होते. भूकंपात अमागी गेली, म्हणून तिच्या जागी मोडीत निघायच्या रांगेत असलेली बॅटलशिप ‘कागा’ आली. हीच कागा १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर गेली आणि १९४२ मध्ये मिडवेला बुडाली. अमेरिकेच्या ‘लेक्सिंग्टन’ आणि ‘साराटोगा’ याही मुळात बॅटलक्रूझरच. तह नसेल तर ही चारही मोठी विमानवाहू जहाजे त्या रूपात उरत नाहीत. ज्या विमानांनी एप्रिल १९४५ मध्ये यामातोला बुडवले, त्यांची वाढ आपल्या फाट्यावर किती मंदावते, हे लेखकाला ठरवावेच लागते.

राहता राहिला पैसा. जपानने तेव्हा ‘क्रमांक १३’ या मालिकेतल्या ४७,५०० टनांच्या चार नौकांची तयारी चालवली होती. प्रत्येकीवर ४६ सेंटीमीटरच्या आठ तोफा, वेग तीस नॉट. कागदावर त्या देखण्या दिसतात. पण टोकियो आणि योकोहामा राखेत असताना त्यांची बिले कोण भरणार? सच्चा आराखडाकार इथे पहिल्या नौकेचे काम दोन-तीन वर्षे लांबवतो, एखादी रद्द करतो आणि उरलेल्यांच्या तोफा उशिरा बसवतो. नावही जपून ठेवावे लागते. जपानी रिवाजात बॅटलशिपला जुन्या प्रांताचे नाव, बॅटलक्रूझरला डोंगराचे. कागा आणि तोसा हे प्रांत, अमागी आणि अकागी हे डोंगर. विमानवाहू कागाला प्रांताचे नाव कसे, याचे उत्तर त्या भूकंपात आहे.

खऱ्या तोसाच्या वाट्याला ताफा आलाच नाही. प्रयोग संपल्यावर फेब्रुवारी १९२५ मध्ये तिला समुद्रात बुडवण्यात आले. नागासाकीजवळ, जिथे ती बांधली गेली त्याच किनाऱ्यापुढे, हाशिमा नावाचे एक छोटे बेट आहे. समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीसाठी तिथे काँक्रीटच्या उंच इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या होत्या. दुरून बेटाची आकृती तोसासारखी दिसते, म्हणून लोक त्याला गुंकानजिमा, म्हणजे युद्धनौका-बेट, म्हणू लागले. १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि वस्ती उठली. आता नागासाकीहून पर्यटकांच्या बोटी तिथे जातात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरून पाहिले की राखाडी भिंती, त्यावर चढत गेलेले मजले आणि एका टोकाची निमुळती नाळ एका रेषेत येतात.