इंग्रजी शब्दांची शेपटी

मराठीत शब्दाच्या शेवटी जोडतात त्याला प्रत्यय म्हणतात. इंग्रजीतही प्रत्यय असतात. माझी आई म्हणते, "मला कुठलं आलंय इंग्रजी!" पण ती ते रोज बोलते. कसे ते सांगते.

इंग्रजी शब्दाला 'अर' लावला की आपला 'णारा' होतो. टीच म्हणजे शिकवणे, टीचर म्हणजे शिकवणारा. ड्राइव्हचा जुना अर्थ गुरे हाकणे. म्हणून ड्रायव्हर म्हणजे हाकणारा. माझे आजोबा एसटीलासुद्धा 'गाडी हाकतो' म्हणतात, ते बरोबरच आहे.

सगळ्यात गंमत रबराची. रब म्हणजे घासणे. झाडाच्या चिकाचा हा पदार्थ पेन्सिलीचे लिहिलेले पुसतो, असे जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने १७७० साली लिहून ठेवले. घासून पुसतो म्हणून तो रबर. म्हणजे आपल्या खोडरबराचे नाव पुढे टायरच्या रबरालाही मिळाले!

पण प्रत्येक 'अर' प्रत्यय नसतो बरं का. टायगरचा 'अर' काढला तर 'टायग' उरते, त्याला काहीच अर्थ नाही.

ट्रॅक्टर, डॉक्टर हे शब्द लॅटिनमधून आले. ती जुन्या रोमन लोकांची भाषा. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. आणि डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा! मग आमचे गुरुजी पण डॉक्टरच झाले.

दुसरा प्रत्यय 'लेस'. आमच्या गावात द्राक्षबागा आहेत, त्यामुळे सीडलेस हा शब्द सगळ्यांना येतो. सीड म्हणजे बी. सीडलेस म्हणजे बिनबियांचे. स्टेन म्हणजे डाग, म्हणून डाग न पडणारे भांडे स्टेनलेसचे. इंग्रजीत कमी याला पण लेस म्हणतात, पण तो शब्द वेगळा. हा लेस जुन्या इंग्रजीतला आहे. त्याचा अर्थ 'बिन' किंवा 'नसलेला'.

हे नीट कळायला पाहिजे. हार्म म्हणजे अपाय. हार्मलेस म्हणजे अपाय न करणारे. आणि 'फुल' म्हणजे भरलेले, म्हणून हार्मफुल म्हणजे अपायकारक. तोंड एकच, शेपटीत सगळा फरक! फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असे शब्द बारीक अक्षरात असतात. लाल त्रिकोण असेल तर ते औषध सगळ्यात विषारी, हे बाबांना माहीत आहे. पण इंग्रजी ते मला वाचायला देतात. मी आधी शेपटी बघते. एखादा शब्द नाहीच कळला तर गुरुजींना विचारून येते, तोपर्यंत बाबा डबा उघडत नाहीत.