मेमरी कार्डाची गती

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील वास्तूंची जी जुनी छायाचित्रे आज आपण पाहतो, त्यांतील कित्येक राजा दीनदयाळ यांनी काढलेली आहेत. सर लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती छापली गेली. त्या काळी कॅमेऱ्यात एक काच बसवावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचे आणि मग दुसरी काच बसवावयाची, अशी रीत होती. यास वेळ लागे. पण मंदिर कोठे पळून जात नसे!

तेच मंदिर आज एखाद्या विद्यार्थ्याने डिजिटल कॅमेऱ्याने टिपले, तर कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड मंद असो की जलद, छायाचित्र तसेच येईल. चित्राचा दर्जा भिंग, प्रकाश, कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक आणि कळ दाबणाऱ्याची नजर यांवर ठरतो. कार्ड हे केवळ साठवणीचे कोठार होय. हे आरंभीच सांगणे अगत्याचे वाटते, कारण महागड्या कार्डाने चित्र अधिक सुरेख येते असा समज पुष्कळ घरांत आढळतो.

परंतु विषय धावू लागला की गोष्ट निराळी होते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी येथील कॅप्टन रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. शेवटच्या षटकात ती दोनशेवी धाव निघाली, शिरस्त्राण उतरले, बॅट उंचावली. अशा प्रसंगी छायाचित्रकार कळ दाबून धरतो आणि कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे घेतो. ती सारी तेवढ्याच वेगाने कार्डात उतरतील, असे मात्र नाही.

यासाठी कॅमेऱ्यात एक तात्पुरते साठवण असते; त्यास ‘बफर’ म्हणतात. बाटलीत तेल ओतताना आपण नसराळे लावतो, तसेच हे आहे. नसराळे मोठे असले तर काही काळ भराभर ओतता येते. पण बाटलीची मान अरुंद असेल तर नसराळे तुडुंब भरते व हात आवरावा लागतो. (आमच्यासारख्या कोकणीभाषकांच्या घरी हे तेल बहुधा खोबरेल असते आणि ग्वाल्हेरच्या थंडीत ते गोठून बसते, हा भाग वेगळा.) नसराळे म्हणजे बफर, आणि बाटलीची मान म्हणजे कार्डाची लेखनगती.

आता थोडे गणित करू. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ‘रॉ’ पद्धतीचे एक चित्र सुमारे २५ मेगाबाइटचे धरू. सेकंदाला दहा चित्रे घेतली तर २५० मेगाबाइट आत येतात. कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइटच लिहीत असेल, तर २२० मेगाबाइट दर सेकंदास तुंबत राहतात. बफरमध्ये चाळीस चित्रे, म्हणजे १००० मेगाबाइट, मावत असतील तर साडेचार सेकंदांत तो भरून जाईल. पुढे सेकंदाला जेमतेम एक चित्र निघेल. आणि हात थांबविला तरी बफर पूर्ण रिता होण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागेल.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याने शालेय क्रीडास्पर्धेत शंभर मीटरची शर्यत अशीच टिपली होती. आरंभाची चित्रे भरपूर होती; फीत तोडतानाचे एकही नव्हते. कॅमेरा बिघडला असे समजून वडील नवा घेण्यास निघाले होते! वास्तविक ‘रॉ’ऐवजी ‘जेपेग’ पद्धत निवडली असती तर चित्रांचा आकार बराच घटला असता, आणि कळ शेवटच्या वीस मीटरांसाठी राखून ठेवली असती तर तेच कार्ड पुरले असते. या दोन्ही उपायांस एक पैसाही पडत नाही.

कार्डातून वाचणे जलद आणि त्यात लिहिणे मंद, असे का? कार्डातील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून माहिती साठविली जाते. तेथे पुन्हा लिहावयाचे झाल्यास एकच अक्षर पुसून चालत नाही. कप्प्यांचा अख्खा गट, जणू सबंध पाटी, एकदम पुसावी लागते. वाचण्यास हा खटाटोप नाही. म्हणूनच कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला १७० सारखा आकडा बहुधा वाचनगतीचा असतो. आपल्या कामाची खूण लहान असते: ‘सी’ अक्षराच्या पोटात १० असल्यास सेकंदाला किमान १० मेगाबाइट लेखनाची हमी, ‘यू’च्या पोटात ३ किंवा ‘व्ही ३०’ असल्यास ३० मेगाबाइटची.

ही हमी विशेषेकरून उपयोगी पडते ती व्हिडिओस. छायाचित्रकार मध्ये उसंत घेऊ शकतो. तानसेन समारोहातील गायन मुद्रित करणाऱ्यास ती सोय नाही. प्रवाह अखंड असतो, आणि कार्ड मागे पडले की मुद्रण मध्येच बंद पडते. येथे एक फसगत टाळावी. व्हिडिओची गती मेगाबिटमध्ये सांगतात, कार्डाची मेगाबाइटमध्ये; आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या व्हिडिओस १२.५ मेगाबाइट पुरेत. त्यास १० ची हमी अपुरी, ३० ची भरपूर. ‘व्ही ९०’चे महाग कार्ड घेण्याचे कारण नाही.

घरातील कार्डाची परीक्षा विद्यार्थ्यांस सहज करता येईल. घड्याळ हाती घेऊन बफर भरेपर्यंत कळ दाबून धरावी. मग कॅमेऱ्यावरील लाल दिवा विझेपर्यंतचे, पहिल्या चित्रापासूनचे सेकंद मोजावेत. दिवा लागलेला असताना कार्ड मात्र काढू नये. अर्धवट लिहिलेली चित्रे त्यामुळे नष्ट होऊ शकतात. साठ चित्रे, प्रत्येकी आठ मेगाबाइटची, चोवीस सेकंदांत उतरली, तर गती सेकंदाला २० मेगाबाइट झाली. तेच कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून हिशेब केल्यास उत्तर कदाचित निराळे येईल, कारण कार्ड आणि कॅमेरा या दोहोंपैकी जो मंद, त्याच्याच चालीने दोघांस चालावे लागते.