बलव्यायामातील कुंठितावस्था
नियमित बलव्यायाम चालू असूनही पेलल्या जाणाऱ्या वजनात किंवा आवर्तनांच्या संख्येत काही आठवडे वाढ न होणे, या अवस्थेस कुंठितावस्था म्हणतात. एकदोन दिवसांची पीछेहाट म्हणजे कुंठितावस्था नव्हे. झोप, आहार, उन्हाचा ताप व मनःस्थिती यांनुसार एकाच व्यक्तीचे बळ दिवसागणिक कमीअधिक होते. त्यामुळे तीनचार आठवड्यांची लेखी नोंद समोर असल्याशिवाय या अवस्थेचे निदान करता येत नाही. अशी नोंद ठेवणारे थोडे आणि पद्धत बदलणारे फार, असेच बहुधा आढळते.

क्रोटोनचा ग्रीक मल्ल मायलो (इ. स. पू. सहावे शतक) याने एक वासरू रोज खांद्यावर घेण्याचा परिपाठ ठेवला व अखेरीस तो पूर्ण वाढलेला बैल पेलू लागला, अशी आख्यायिका आहे. क्रमाक्रमाने भार वाढविण्याचे तत्त्व तीत आले असले, तरी ही वाढ कोठे तरी मंदावते हे मात्र तीत आलेले नाही. या तत्त्वाला वैद्यकीय रूप अमेरिकन लष्करातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी दिले. जास्तीत जास्त दहा वेळा पेलेल एवढे वजन ठरवून त्याच्या अर्ध्या, पाऊण व पूर्ण भाराने प्रत्येकी दहा आवर्तने करण्याची त्यांची पद्धत १९४८ पर्यंत रूढ झाली. नवशिक्याची आरंभीची प्रगती वेगाने होते, कारण पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत. असलेल्या स्नायूतंतूंना एकाच वेळी कामास लावण्याचे कौशल्य मज्जासंस्था शिकते. टी. मोरितानी व एच. ए. डिव्हरीज यांनी १९७९ मध्ये हा क्रम मोजून दाखविला. पुढची वाढ स्नायूंच्या जाडीवर अवलंबून असल्याने ती संथ असते. पुष्कळदा ज्याला कुंठितावस्था समजले जाते, ती वस्तुतः या दुसऱ्या टप्प्याची स्वाभाविक गती असते.

महाराष्ट्रातील तालमींत जोर व बैठका यांची संख्या वाढविण्याचा प्रघात आहे. शंभरावरून पाचशेवर जाणाऱ्याचा दमसास निश्चित वाढतो. तथापि स्वतःच्या शरीराचा भार तोच राहत असल्याने काही काळानंतर निव्वळ बळात भर पडत नाही. जुन्या वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक असावे. कारण पाठीवर जोडीदार घेऊन जोर मारणे, जड करेला फिरविणे, गदा व दगडी नाल उचलणे ही भार वाढविण्याचीच साधने होत.

कोणती पद्धत निवडावी हे बळ कशासाठी हवे यावर ठरते. बुलढाणा जिल्ह्यातील व्यायामप्रेमी तरुणांची उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. या जिल्ह्याचा धनुर्धर प्रथमेश जावकर याने २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत संयुक्त धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता. या प्रकारात धनुष्याचा ताण ६० पौंडांहून (सु. २७ किग्रॅ.) अधिक असू शकत नाही व पात्रता फेरीत ५० मी. अंतरावरून ७२ बाण सोडावे लागतात. साहजिकच एका मर्यादेपुढे कमाल बळ वाढविण्यात धनुर्धराचा लाभ नसतो. बहात्तराव्या बाणालाही खांदा न थरथरणे हे त्याचे साध्य असते. येथे मध्यम भार व अधिक आवर्तने हीच योग्य दिशा होय.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्याची गोष्ट निराळी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निवीर योजनेच्या सामान्य कर्तव्य पदासाठी बीमवर दहा वेळा शरीर उचलल्यास ४० गुण, तर सहा वेळा उचलल्यास केवळ १६ गुण देण्यात येतात. सहावर अडलेल्या उमेदवाराने रोज दमेपर्यंत तोच व्यायाम केल्यास प्रगती सहसा होत नाही. ६० किग्रॅ. वजनाच्या तरुणाने कमरेला सुरुवातीस ५ व पुढे १० किग्रॅ. भार बांधून तीनतीन आवर्तनांच्या चारपाच फेऱ्या, मध्ये दोनतीन मिनिटे विसावा घेऊन, आठवड्यातून दोनदा कराव्यात. सत्तर किलो तीनदा उचलणाऱ्यास साठ किलो तुलनेने हलके वाटतात व आवर्तने वाढतात. ज्याला एकदाही वर जाता येत नाही त्याने आधार घेऊन वर जावे व सावकाश खाली उतरावे. पोलीस भरतीतील ७.२६ किग्रॅ.च्या गोळाफेकीत आणखी तिसरीच गरज असते : तेथे जड वजन हळू उचलण्याबरोबरच हलके वजन झटक्याने फेकण्याचा सराव व पदन्यास लागतो.

पद्धत बदलण्यापूर्वी कारण शोधणे श्रेयस्कर ठरते. या जिल्ह्यात ते अनेकदा व्यायामशाळेबाहेर, शेतात सापडते. सोयाबीनच्या सोंगणीच्या व कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम केलेल्या शरीराकडून संध्याकाळी नव्या उच्चांकाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. अशा काळात भार तोच ठेवून फेऱ्या कमी कराव्यात. आठवड्यातून एकदा केलेला जड व्यायामही कमावलेले बळ काही आठवडे टिकवतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. आहारात प्रथिने अपुरी असणे हे दुसरे कारण. बलव्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किलोग्रॅममागे रोज सु. १.६ ग्रॅ. प्रथिने पुरतात. भाकरीबरोबर वरण, भाजलेले शेंगदाणे, दूध, अंडी यांचे प्रमाण वाढविल्यास ही गरज बव्हंशी भागते. त्यासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नसते.

कारण थकवा असल्यास, म्हणजे सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप तुटक व भूक मंद असल्यास, एक आठवडा फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात. थकवा नसेल व काम थोडे असेल, तर फेऱ्या वाढवाव्यात. दोन्ही नसल्यास भारात फेरफार करावा : एके दिवशी जड वजन व थोडी आवर्तने, दुसऱ्या दिवशी हलके वजन व अधिक आवर्तने. सोव्हिएट तज्ज्ञ एल. पी. मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कालखंडयोजनेची ही सुटसुटीत आवृत्ती म्हणता येईल. एकूण काम सारखे ठेवल्यास अशा निरनिराळ्या योजनांच्या फलितांत मोठे अंतर पडत नाही. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी नवी योजना घेण्यापेक्षा एकच योजना दोनतीन महिने चालविणे अधिक उपयुक्त असते.

कुंठितावस्थेला कंटाळून दोन मार्ग धरले जातात व दोन्ही घातक आहेत. पहिला, एकाच दिवशी शेकडो बैठका मारण्याचा. त्यामुळे स्नायूतंतू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दुसरा मार्ग बलवर्धक संप्रेरकांच्या सुयांचा. त्यांनी वजन वाढते, परंतु शरीराची स्वतःची पौरुषसंप्रेरकनिर्मिती मंदावते, वंध्यत्व व हृदयविकार यांचा धोका संभवतो आणि द्रव्यचाचणीत सापडलेला खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.